कॉलरच्या आतली खूण

इस्त्रीचं झाकण उचलून त्या गोऱ्या सोजिराने आत डोकावलं आणि मला म्हणाला, "कोयला ठंडा, बाई. काम अच्छा नहीं होगा."

मी पदर पुढे ओढून मामंजींकडे पाहिलं. माझे सासरे लहानू परीट म्हणजे देवळालीच्या कॅम्पात अर्ध्या पलटणीचे कपडे धुणारा माणूस. त्यांच्या सुनेला इस्त्री शिकवायला सातासमुद्रापलीकडून कुणी यावं, हे त्यांना कसं रुचणार? "त्याला म्हन, शर्ट घे आन् वाटंला लाग," ते म्हणाले. हे मी कुठल्या भाषेत म्हणणार होते? तोवर त्याने चिमट्याने शेगडीतले दोन निखारे उचलून इस्त्रीत टाकले, झाकण लावलं, बोट ओलं करून तळाला टेकवलं. चर्र झालं. मग माझ्या पुढ्यातला शर्ट ओढून त्याने आधी कॉलर केली, मग खांदे, मग बाह्या आणि शेवटी पाठ. आम्ही करतो त्याच क्रमाने.

मामंजींच्या हातातली विडी तशीच राहिली. "ह्यो कुठं शिकला?"

सोजिराला शब्द कळले नाहीत, पण प्रश्न कळला. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "मेरा मदर. मदर धोबी."

त्याचं नाव हर्बर्ट डॉसन. ही बेचाळीसच्या हिवाळ्यातली गोष्ट. वय तेवीस, अंगाने काटकुळा, नाकाची कातडी उन्हाने सोललेली. कावीळ होऊन दोन महिने इस्पितळात पडला होता. डॉक्टरने त्याला लढाईवर न धाडता कॅम्पातच हलक्या कामावर ठेवलं होतं आणि त्यातलंच एक काम म्हणजे सगळ्यांच्या कपड्यांचे गठ्ठे आमच्याकडे आणून टाकणं. बाकीचे सोजीर गठ्ठा दारात आपटून निघून जायचे. हा बसायचा. त्याच्यावर त्याचे सोबती हसायचे, हे मी पाहिलंय. त्याला त्याचं काही वाटत नसे. लहानपणापासून आईने धुतलेल्या कपड्यांची हातगाडी ढकलत दारोदार फिरलेला पोरगा तो, हसण्याची त्याला सवय होती.

हळूहळू त्याने आमचे शब्द उचलले. अर्धं हिंदुस्थानी, अर्धं मराठी आणि उरलेलं हातवारे करून तो आईबद्दल सांगायचा. ब्रॅडफर्ड नावाचं गिरण्यांचं गाव. घरामागे फरशीचं अंगण. सोमवारी पहाटे ती भट्टी पेटवायची, गल्लीतल्या दोऱ्यांवर कपडे वाळत घालायची आणि वारा फिरला की गिरणीच्या धुराड्यातली काजळी सगळ्यांवर बसायची. मग ती कमरेवर हात ठेवून गिरणीच्या मालकाला शिव्या द्यायची आणि सगळं पुन्हा धुवायला घ्यायची. या शिव्या तो इतक्या रंगून सांगायचा की मामंजी न समजताही हसायचे. एकदा त्याने माझे हात पाहिले. सोड्याने बोटांची पेरं फुटलेली होती. "सेम," तो म्हणाला. "मदर, सेम." आणि दुसऱ्या आठवड्यात कुठूनसा मलमाचा डबा घेऊन आला.

मामंजींनी त्याला 'हरबा' केलं. सुरुवातीला त्याच्या चहाचा पेला वेगळा असे, कारण गोरे आम्हाला लांब उभं करत असले तरी शिवाशिवीत आम्हीही कुणाला हार जाणारे नव्हतो. तो बापडा स्वतःचा पेला स्वतः विसळून पालथा घालायचा. चौथ्या की पाचव्या महिन्यात कधीतरी तो पेला आमच्या पेल्यांत मिसळून गेला आणि कुठला कुणाचा ते मलाही सांगता येईना. मामंजींच्या ते लक्षात आलं होतं, पण त्यांनी तो पुन्हा वेगळा काढला नाही.

येताना प्रत्येक वेळी तो पहिला शब्द बोलायचा, "खबर?" आणि मी मान हलवायची.

खबर माझ्या घरच्यांची. आमचे हे दुसऱ्या एका पलटणीबरोबर धोबी म्हणून बोटीने गेले, तेव्हा लग्नाला वर्ष झालं होतं. पुढे सिंगापूर पडलं आणि सरकारी कार्ड आलं. त्यावर 'बेपत्ता' एवढंच. मेले असं नाही, धरले असं नाही, जखमी असंही नाही. मामंजींना तो एकुलता एक मुलगा. त्यांनी ते कार्ड देव्हाऱ्यात खंडेरायाच्या मागे ठेवलं आणि त्या दिवसापासून रोज भाकरी खायला बसताना दाराकडे तोंड करून बसू लागले. मीही तशीच. आशा ही मोठी चिवट गोष्ट. पोट भरत नाही आणि मरूही देत नाही.

आता आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. चारशे माणसांचे सारखेच खाकी शर्ट. कुठला कुणाचा हे ओळखायचं कसं? तर बिब्ब्याने. बिब्बा सुईने टोचायचा आणि त्याच्या काळ्या रसाने कॉलरच्या आत खूण करायची. एकाला तीन ठिपके, एकाला एक रेघ आणि दोन ठिपके, एकाला फुली. तो डाग भट्टीत उकळा, दगडावर आपटा, जात नाही. लोक म्हणतात, अमक्याने कामात बिब्बा घातला. आमचं तर कामच बिब्बा घालण्याचं. कुठली खूण कुणाची हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते दोघांना पाठ होतं, मामंजींना आणि मला. हर्बर्टची खूण तीन ठिपके, चुलीच्या तीन दगडांसारखे मांडलेले. मामंजींनी त्याला मुद्दाम चांगली खूण दिली, असं ते म्हणायचे. खुणेत चांगलं-वाईट काय असतं देव जाणे.

एक रेघ आणि दोन ठिपके ही खूण कार्टर नावाच्या सोजिराची. हा माणूस म्हणजे डोक्याला ताप. बटण ढिलं निघालं तरी वर तक्रार करायचा. त्याच्याच तक्रारीवरून मोठ्या साहेबाने मामंजींना बोलावून बजावलं होतं की आणखी एक कपडा हरवला किंवा बिघडला तर ठेका दुसऱ्याला जाईल. ठेका गेला तर कॅम्पातली खोली जाणार आणि दारणा नदीवरचा धुण्याचा घाटही जाणार. मुलगा परत येईल तेव्हा आपल्याला शोधायचा कुठे, ही मामंजींची खरी काळजी होती. "त्याला ह्योच पत्ता ठावा हाये," ते म्हणायचे.

चव्वेचाळीसच्या जानेवारीत एकाएकी हुकूम आला. पलटण उद्या सकाळच्या गाडीने निघणार, ब्रह्मदेशाच्या बाजूला. हर्बर्टही त्यात. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे कपडे पोचते करायचे, सकाळी प्रत्येकाचे तीन-तीन शर्ट तपासून मग गाडीत. मामंजी घाटावर उरलेले कपडे सुकवत होते. मी पहाटेपासून इस्त्रीशी उभी होते. दुपारी हर्बर्ट आला आणि न सांगता घड्या घालायला बसला.

तो बोलत होता. नेहमीसारखंच, आईबद्दल. लढाई संपली की तिला बोटीने इथे आणणार, म्हणाला. मामंजी आणि ती समोरासमोर बसून शिव्या देतील, हे मराठीत, ती इंग्रजीत, आणि आपण दोघांनी बसून ऐकायचं. त्याने दोघांची नक्कल केली. मामंजींचा खोकलासुद्धा. मी पोट धरून हसले. बऱ्याच दिवसांनी हसले होते म्हणून असेल, हसू आवरेना. आणि वास आला.

मी इस्त्री उचलली. शर्टाच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या खाली, इस्त्रीच्या टोकाचा तांबूस तपकिरी छाप उमटला होता. कॉलर उलटून पाहिली. एक रेघ, दोन ठिपके. चारशे शर्टांत नेमका कार्टरचा.

मी खाली बसले. हर्बर्टने शर्ट उजेडात धरून बघितला आणि म्हणाला, "बर्न. जाणार नाही."

"मामंजींना कळलं तर..." मी म्हणाले.

त्याने स्वतःचा गठ्ठा ओढला, त्यातला एक शर्ट काढून कार्टरच्या गठ्ठ्यात घातला आणि भाजलेला आपल्या गठ्ठ्यात तळाशी दाबला. दोघांचं माप एकच होतं.

"नको," मी म्हणाले. "तुला बोल लागेल."

"जाकीट वर. पाठ कोण बघतो?"

"आणि खूण?"

"खूण तू वाचते, मामा वाचते. कार्टर?" त्याने डोळे मिटून दाखवले. मग अगदी गंभीर चेहरा करून म्हणाला, "माझ्या घरी कायदा आहे. इस्त्रीवाल्या बाईला कोण हसवतो, भाजलेला शर्ट त्याचा. मदरचा कायदा. मी लहानपणी किती भाजलेले शर्ट घातले, माहीत आहे?"

मामंजी घाटावरून आले तेव्हा सगळे गठ्ठे बांधून झाले होते. त्यांनी हर्बर्टला गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी दिली आणि त्याच्या पाठीवर हात फिरवला. "येताना आईला घिऊन ये रं हरबा," ते म्हणाले. ही नक्कल त्यांनी ऐकली होती की काय, असं क्षणभर मला वाटलं. तो निघाला. मामंजींना मी शर्टाचं काही सांगितलं नाही. सांगायचं होतं, पण रोज उद्यावर टाकत गेले आणि मग ते सांगण्यासारखं राहिलं नाही.

दसरा होऊन गेला. एका दुपारी कॅम्पातले गद्रे बाबू एका अनोळखी कॅप्टनला घेऊन आमच्या दाराशी आले. गद्रे बाबू कचेरीत कारकून होते, आमचं सरकारी वाचून दाखवायचं काम तेच करत. कॅप्टनचं नाव हेडली. चेहऱ्याने थकलेला, काखेत खाकी कागदाचं पुडकं. मामंजींनी त्यांना बाजेवर बसवलं. मी आत दाराआड उभी राहिले.

गद्रे बाबू सांगू लागले. पावसाच्या तोंडावर पलटणीची एक तुकडी टेहळणीला गेली होती. नदी उतरताना गोळीबार झाला, दोन सोजीर बेपत्ता झाले. पाऊस सरल्यावर चिखलात एक प्रेत सापडलं. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता, गळ्यातला पुठ्ठ्याचा बिल्ला कुजून गेलेला. अंगात शर्ट तेवढा होता आणि कॉलरच्या आत एक काळी खूण होती. कुणीतरी म्हणालं, ही देवळालीच्या धोब्याची खूण, त्याला विचारा.

"दोघांपैकी कोण, एवढं लहानूने सांगायचं," गद्रे बाबू म्हणाले. "कार्टर की डॉसन."

कॅप्टनने पुडक्याचं एक टोक उघडून फक्त कॉलर बाहेर काढली. मामंजींनी ती हातात घेतली, उलटली, अंगठ्याने पुसली. एक क्षणही लागला नाही.

"एक रेघ, दोन ठिपके. कार्टर." आणि त्यांचा आवाज एकदम फुटला. "म्हंजी आपला हरबा न्हाई. गद्रे बाबू, हरबा न्हाई ना?"

"डॉसन बेपत्ता आहे," गद्रे बाबू म्हणाले. "जपान्यांच्या कैदेत असू शकेल."

कॅप्टनने लिहून घेतलं. उद्या दुपारी टाइप केलेला कागद घेऊन येतो, त्यावर मामंजींचा अंगठा लागेल, मग कार्टरच्या घरी तार जाईल, असं सांगून ते दोघे गेले. पुडकं घेऊन गेले. मी दाराची चौकट धरून उभी होते, ती तशीच.

मामंजी त्या संध्याकाळी वेगळेच दिसत होते. "सूनबाई, जरा शिरा कर," म्हणाले. "मेला त्याचं वाईट वाटतंय, त्यालाबी आई आसंल. पर आपला हरबा हाये कुठंतरी. जसा हरबा तसा माझा ल्योक. बेपत्ता म्हंजी काय मेला न्हाई."

मी रवा काढला आणि डबा पुन्हा झाकला.

"मामंजी, तो कार्टर नसंल."

"खूण मी वाचली की."

"खूण कार्टरची. पण पाठीवर डाग असला तर अंगात हर्बर्ट होता." आणि मी सगळं सांगितलं. हसू, वास, डाग, त्याचा कायदा. सांगताना माझी मान वर झाली नाही.

मामंजींनी विडी दगडावर विझवली. मला वाटलं, आता इतके दिवस लपवलं म्हणून बोलतील. ते म्हणाले, "कुनाला ठावं हाये ह्ये?"

"मला. आणि त्याला होतं."

"मंग गप ऱ्हा."

"मामंजी..."

"ठेक्याचं बाजूला ठिव. ठेका गेला तर गेला." त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. "त्याची आई तिकडं अशी दाराकडं तोंड करून बसली आसंल. तिच्या हातात येवढंच हाये, बेपत्ता. त्येबी तू काढून घेनार? तुला काय ठावं न्हाई का आशा काय आसती ती?"

"ठाऊक आहे म्हणूनच सांगते," मी म्हणाले. सासऱ्यापुढे इतकं मी कधीच बोलले नव्हते. "उद्या कार्टरच्या आईला तार जाईल, तुझा मुलगा मेला. ती रडंल, दिवस घालील, आणि तो कुठंतरी जिवंत असंल. आणि हर्बर्टच्या आईचा पोरगा दुसऱ्याच्या नावानं मातीत. ती वाट बघत म्हातारी होऊन मरंल. आपल्याला कुणी असं फसवलं तर चाललं का, मामंजी? आपल्या ह्यांचा शर्ट घेऊन कुणी आलं आणि तिथली एखादी बाई गप राहिली, तर?"

"तुला कळायला हवंय?" त्यांनी विचारलं. अगदी हळू.

"हो," मी म्हणाले. "मला कळायला हवंय."

ते उठून अंगणात गेले. शिरा झाला नाही. आम्ही दोघं जेवलोही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. बाजेवर कागद पसरला, शाईची गादी उघडली. गद्रे बाबूंनी मामंजींचा अंगठा धरून शाईत टेकवला. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण अंगठा कागदावर ठेवलाही नाही. तो तसाच हवेत धरून बसले. मला कळलं की ते माझ्यासाठी थांबलेत.

मी पदर डोक्यावर घेऊन बाहेर आले.

"गद्रे बाबू, साहेबांना सांगा, खूण कार्टरची आहे, पण माणूस कार्टर नसेल. पाठीवर, डाव्या खांद्याखाली इस्त्रीचा डाग आहे का बघा. असला तर तो हर्बर्ट डॉसन."

रात्रभर मी एकच मागत होते, की पाठीचं कापड कुजून गेलेलं असावं. मग माझं बोलणं बोलून झालं असतं आणि खोटंही ठरलं नसतं, खरंही ठरलं नसतं. कॅप्टनने पुडकं पूर्ण उघडलं. कापड चिखलाने कडक झालं होतं, एक बाही नव्हती. त्याने पाठ वर केली. मळाखाली तो छाप होता, टोकदार, माझ्या इस्त्रीच्या मापाचा.

"माझ्या हातचा आहे," मी म्हणाले आणि तिथेच रडायला लागले. चारचौघांत रडू नये, असं आम्हाला शिकवलेलं, पण त्या दिवशी मला ते जमलं नाही.

गद्रे बाबूंनी सगळं इंग्रजीत सांगितलं. कॅप्टनने ऐकून घेतलं आणि विचारलं, या बाईवर विश्वास कशावरून ठेवायचा?

मामंजी म्हणाले, "साहेबाला सांगा, ही खोटं बोलली आसती तर तिचं भलंच झालं आसतं. ठेका ऱ्हायला आसता आन् हरबाबी जित्ता ऱ्हायला आसता. आपल्या नुकसानीचं खोटं कोन बोलतं?"

कॅप्टनने टाइप केलेला कागद घडी करून खिशात घातला. मामंजी अंगठ्याची शाई धोतराला पुसत राहिले, ती जाईना.

पुडकं बांधायला लागल्यावर मी विचारलं, त्या शर्टाचं आता काय करणार? गद्रे बाबू म्हणाले, जाळतात, तसा नियम आहे.

"तो मला द्या. मी धुते. मग त्याच्या आईला पाठवा."

"असा कपडा घरी पाठवत नाहीत, हौसाबाई."

"त्यांना सांगा, त्याची आई परटीण आहे. तिच्या मुलाच्या अंगातला शेवटचा कपडा मळका जाळला, हे तिला कुणी सांगितलं तर तिला काय वाटेल?"

गद्रे बाबूंनी हे सांगितलं की आणखी काही, मला ठाऊक नाही. कॅप्टनने टोपी काढली, थोडा वेळ हातात फिरवली आणि म्हणाला, परवा सकाळी मी मुंबईला जातोय, तोवर तयार ठेवा.

तो शर्ट मी भट्टीत घातला नाही आणि दगडावर आपटलाही नाही. रिठ्याच्या पाण्यात रात्रभर भिजवला आणि हातानेच, घंगाळात, जखमेवरून हात फिरवावा तसा धुतला. सहा पाणी बदलली. सातव्या पाण्याला चिखल येणं थांबलं. फाटलेल्या बाहीची कड मी आत दुमडून शिवून टाकली. सावलीत वाळवला. इस्त्रीचे निखारे मामंजींनी स्वतः फुंकून दिले आणि बोट ओलं करून तळ तपासला. त्यांनी असं आधी कधी केलं नव्हतं. मी कॉलर केली, एक खांदा केला, दुसरा केला, असलेली बाही केली. पाठीशी आल्यावर त्या डागावरून इस्त्री हलक्या हाताने फिरवली. मग मी घडी घातली.

ठेक्याचं म्हणाल तर तो गेला नाही. ज्या डागापायी मी नऊ महिने जीव मुठीत धरून होते, त्याबद्दल कुणी मला साधं विचारलंही नाही. आणि कार्टर पुढल्या उन्हाळ्यात रंगूनच्या तुरुंगातून जिवंत बाहेर आला. गद्रे बाबूंनी सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं. इतकं बरं वाटायला नको होतं, असं एक मन म्हणत होतं, पण वाटलं.

हर्बर्टच्या आईचं पत्र त्याआधीच आलं होतं, शिमग्याच्या सुमारास. कॅप्टनच्या हाती आलेलं ते त्याने गद्रे बाबूंकडे पाठवलं होतं. ते दारातच बसून वाचू लागले आणि वाक्या-वाक्याला मराठी करून सांगू लागले. चार महिने मी या पत्राला भीत होते. त्या बाईने मला काय काय म्हटलं असेल, ते सगळं माझं मनाशी म्हणून झालं होतं.

"लिहितात की, कॅप्टनसाहेबांनी सगळं कळवलं. शर्ट पोचला. लिहितात, धुणं आणि इस्त्री बघूनच कळलं, काम जाणणाऱ्या बाईचा हात आहे. फाटलेली कड शिवली ती बघितली." गद्रे बाबूंनी चष्मा पुसला. "लिहितात, घडीत बोट घालून तो डाग शोधला. त्याच्या बोलण्यापायी माझेही पुष्कळ शर्ट भाजले आहेत, तेव्हा त्या मुलीला सांगा, वाईट वाटून घेऊ नको. पुढे लिहितात, सहा महिने मी काम घेत नव्हते. दारावर कुणी आलं की हात थांबायचा, आणि थांबलेल्या हाताने कपडे धुतले जात नाहीत. आता सोमवारचे कपडे पुन्हा घ्यायला लागले आहे. तो कुठे आहे ते मला ठाऊक आहे. शर्ट कपाटात ठेवला आहे. तुम्ही घातलेली घडी मी अजून मोडलेली नाही."

मामंजी म्हणाले, "येकदा परत वाचा."

गद्रे बाबूंनी पुन्हा वाचलं, पहिल्यापासून. मामंजी खाली जमिनीकडे बघत ऐकत होते. वाचून झाल्यावर ते उठून आत गेले आणि देव्हाऱ्यातलं कार्ड घेऊन आले. तीन वर्षांत ते पहिल्यांदा तिथून हललं होतं. त्यांनी ते गद्रे बाबूंच्या मांडीवर ठेवलं.

"बाबू, पलटनीला एक कागद लिवा. म्हनावं, तुमचा धोबी व्हता, सिंगापुरात. जित्ता आसंल तर जित्ता म्हना आन् न्हाई तर तसं म्हना. कुनाला काय ठावं आसंल त्यानं आमाला सांगावं. आमाला राग येनार न्हाई."

गद्रे बाबूंनी पिशवीतून कोरा कागद काढला, दौत उघडली, वरती तारीख घातली. मग विचारलं, "नाव काय लिहू?"

मामंजींनी तोंड उघडलं. ओठ हलले, शब्द बाहेर येईना. पुन्हा प्रयत्न केला, आणि त्यांनी उपरण्यात तोंड झाकलं. गद्रे बाबू टाक धरून माझ्याकडे बघू लागले. माझ्या कपाळावर तेव्हा कुंकू होतं, आणखी एक वर्ष राहणार होतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर ते नाव मी कधी कुणासमोर उच्चारलं नव्हतं.

मी पुढे होऊन मामंजींच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "लिहा. सखाहरी लहानू परीट."